बांध सहा फूट मागे
(वाचकांचे प्रश्न : पश्चात्ताप)

उपवासकाळ जवळ आला की या सदराकडे एकाच विषयाची पत्रे येतात, म्हणून या वेळी सगळा अंक पश्चात्तापालाच दिला आहे. उत्तरे एक पाळक आणि एक कॅथलिक धर्मशिक्षक मिळून लिहितात. दोन मंडळ्यांची, म्हणजे प्रॉटेस्टंट आणि कॅथलिक चर्चची, रीत वेगळी असेल तिथे तसे सांगितले आहे. विचारणाऱ्यांची नावे गाळली आहेत.

*मी संडे स्कूलला शिकवते. कन्व्हेन्शनमध्ये (उपदेश-प्रार्थनेच्या मेळाव्यात) लोक धाय मोकलून रडतात, मला मात्र रडू येत नाही. पाप कळते, लाज वाटते, पण डोळे कोरडेच. माझा पश्चात्ताप खोटा का? (बेळगाव, कॅम्प)*

ताई, हा घोळ थोडासा आपल्या शब्दानेच केला आहे. पश्चात् म्हणजे मागाहून आणि ताप म्हणजे पोळणे. त्यामुळे पोळले नाही तर पश्चात्ताप झालाच नाही, असे मराठी माणसाला सहज वाटते. मूळ भाषांतले शब्द निराळे आहेत. संदेष्टे वापरतात तो इब्री शब्द ‘शूब’, म्हणजे वळणे, परत येणे. चुकलेल्या वाटेवरून माघारी फिरणाऱ्या साध्या वाटसरूसाठीही हाच शब्द येतो. नव्या करारातला ग्रीक शब्द ‘मेटानोइया’ म्हणजे मन पालटणे. दोन्ही शब्दांना अश्रूंची अट नाही.

येशूला ओळखत नाही असे म्हटल्यावर त्याचा शिष्य पेत्र बाहेर जाऊन मोठ्या दुःखाने रडला (लूक २२:६२). जक्कय या जकातदाराच्या डोळ्यांत पाणी आल्याचे मात्र लूक कुठेच लिहीत नाही. जक्कयाने उभे राहून हिशेब सांगितला, अर्धी मालमत्ता गरिबांना आणि फसवले असेल त्याला चौपट. आणि त्याच दिवशी त्या घराला तारण मिळाल्याचे प्रभूने जाहीर केले (लूक १९:८-९).

उलट बाजूला येशूला धरून देणारा शिष्य यहूदा आहे. मत्तय २७:३ मध्ये त्याच्यासाठी मेटानोइयाचे क्रियापद नाही, मागाहून हळहळण्याचे वेगळे क्रियापद आहे. त्याने पाप स्पष्ट शब्दांत कबूल केले आणि तीस रुपयेही परत केले. म्हणजे कबुली झाली, भरपाईही झाली. पण तो गेला मुख्य याजकांकडे. तुझे तू पाहा, असे म्हणून त्यांनी त्याला झटकले आणि तिथून तो येशूकडे परतला नाही. पेत्र मात्र किनाऱ्यावर प्रभू उभा आहे हे कळताच नावेतून पाण्यात उडी टाकून त्याच्याकडे निघाला (योहान २१:७).

म्हणून डोळे तपासू नका, पावले तपासा. पाप झाल्यावर प्रार्थना, मंडळी, ज्याचा अपराध केला तो माणूस, यांच्याकडे तुम्ही जाता की यांना टाळता? आणि ज्यांना रडू येते त्यांनाही एक सांगणे. पोळणे दोन-चार दिवसांत आपोआप निवते, ते कुणाचेच टिकत नाही. काय परत करायचे, कुणाला भेटायचे, काय बंद करायचे, हे त्याच रात्री कागदावर लिहा. आठवड्याने लिहायला बसलात तर यादी निम्मी झालेली असेल.

*दहा वर्षे दर नांगरटीला धाकट्या भावाच्या बाजूचा बांध मी अर्धा-अर्धा फूट कोरत आलो. बांधाची लांबी ३३० फूट. भाऊ वारला, भावजयीला यातले काही माहीत नाही. देवाजवळ मी सगळे कबूल केले आहे. तेवढे पुरे ना? (चिकोडी तालुका)*

नाही दादा, पुरे नाही. देवाची क्षमा अपुरी आहे असे नव्हे. जमीन अजून तुमच्याकडे आहे आणि यंदाचा ऊसही त्यावर उभा आहे. हे दहा वर्षांपूर्वी होऊन गेलेले पाप नाही, ते आजही चालू आहे. शेजाऱ्याची हद्द सरकवणाऱ्यावर अनुवाद २७:१७ मध्ये शाप उच्चारला आहे, आणि त्याच्या पुढच्या दोन वचनांत आंधळा, परदेशी, अनाथ आणि विधवा यांचा कैवार आहे. तुमच्या बाबतीत बांध आणि विधवा एकाच घरात आले आहेत.

आता हिशेब. शास्त्रात भरपाईचे निरनिराळे दर आहेत. चोरलेले मेंढरू कापले किंवा विकले तर चौपट, बैल असेल तर पाचपट, जनावर जिवंत सापडले तर दुप्पट (निर्गम २२:१, ४). हे पकडल्या गेलेल्या चोराचे दर झाले. जो स्वतःहून कबूल करतो त्याने मूळ वस्तू पूर्ण द्यायची आणि वर पाचवा हिस्सा घालायचा (लेवीय ६:४-५, गणना ५:७). ख्रिस्ती माणूस त्या नियमशास्त्राखाली नाही हे खरे, पण कृपेत असलेल्याने नियमशास्त्रापेक्षा कमी द्यावे हे आम्हाला पटत नाही. पाचवा हिस्सा ही किमान मर्यादा धरा.

दहा वर्षांत बांध पाच फूट सरकला. पाच फुटांचा पाचवा हिस्सा एक फूट, म्हणजे बांध सहा फूट मागे. पाच फुटांचे क्षेत्र १,६५० चौरस फूट, म्हणजे दीड गुंठ्याहून किंचित जास्त (१ गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट). पीकही मोजायला हवे. पहिल्या वर्षी तुम्ही अर्ध्या फुटाचे पीक घेतले, दुसऱ्या वर्षी एका फुटाचे, असे करत दहाव्या वर्षी पाच फुटांचे. ही बेरीज साडेसत्तावीस फूट. तिला ३३० ने गुणले की ९,०७५ चौरस फूट, म्हणजे सव्वाआठ गुंठ्यांहून थोडे अधिक क्षेत्राचे एका वर्षाचे पीक. एकरी ४० टन ऊस धरला तर गुंठ्याला १ टन पडतो. म्हणून ८.३३ टन, त्यात पाचवा हिस्सा मिळवला की १० टन. तुमचा उतारा कमी-जास्त असेल तर आकडा बदला. भाव मात्र आजचा धरा, तेव्हाचा नको. आणि मशागत, खत, पाणी यांचा खर्च वजा करू नका. दुसऱ्याचे रान परस्पर कसल्याचा खर्च त्याच्या बायकोकडून मागायचा नसतो.

बहुतेक वेळा कागदावरचे क्षेत्र बरोबर असते, चुकलेला असतो तो फक्त बांध. म्हणून नाडकचेरीत (महसूल कार्यालयात) हद्दबस्तासाठी, म्हणजे हद्द मोजून ठरवण्यासाठी, अर्ज करा, मोजणीची फी तुम्ही भरा आणि खुणा दोन्ही घरांसमोर रोवून घ्या. मोजणीने पाच फूट सुटतील. सहावा फूट कागदावर चढवायचा तर नोंदणी लागते. ते जमत नसेल तर त्या ३३० चौरस फुटांची आजची किंमत रोख द्या आणि दिल्याचे दोन ओळींत लिहून ठेवा, नाहीतर पुढच्या पिढीत त्या एका फुटावरून पुन्हा भांडण उभे राहील.

आधी घरात बोला. बायको आणि मुलांना न सांगता दिलेली जमीन मुले पुढे परत मागतात. मग पत्नीला बरोबर घेऊन भावजयीकडे जा, भावकी जमवू नका. वाक्य सरळ असू द्या : “मी दहा वर्षे तुमचा बांध कोरला. पाच फूट घेतले. हे चुकीचे होते. जमीन आणि पिकाचे पैसे परत करतो.” “काही चुकले असेल तर” हे शब्द तोंडात येऊ देऊ नका, त्या ‘असेल’मुळे सगळी कबुली फुकट जाते. तिने त्याच दिवशी माफ करावे अशी अपेक्षा धरू नका. तिला राग येईल, आणि तो राग योग्यच आहे.

आणखी एक पळवाट नेहमी दिसते. तेवढी रक्कम गुपचूप दानपेटीत टाकायची. गणना ५:८ प्रमाणे घेणारा कोणी नातलगच उरला नसेल तेव्हा भरपाई परमेश्वराला द्यायची असते. तुमची भावजय हयात आहे.

*नवरा दरवर्षी कन्व्हेन्शनमध्ये पुढे जाऊन रडतो, शपथ घेतो. आठ-दहा दिवसांनी पुन्हा दारू. प्यायला की हात उचलतो. मंडळीतल्या बायका सांगतात, सातांच्या सत्तर वेळा क्षमा कर. किती सोसू? (खानापूर तालुका)*

ताई, मार खाण्याची आज्ञा पवित्र शास्त्रात तुम्हाला कुठेही दिलेली नाही. तुमच्यापुढे ठेवलेले वचन मत्तय १८:२२ आहे. त्याच अध्यायात सात वचने आधी, १५ ते १७ मध्ये, अपराध करणाऱ्याचे काय करायचे ते प्रभूने पायरीपायरीने सांगितले आहे. आधी एकांतात बोलायचे, ऐकले नाही तर दोघा-तिघांना घेऊन जायचे, मग मंडळीसमोर आणायचे, आणि तरीही ऐकले नाही तर त्याच्याशी असलेले नाते बदलायचे. मंडळीने बावीसावे वचन तुमच्या पदरात टाकले आणि पंधरावे स्वतः विसरली. घरात हात उचलला जात असेल तर पहिली पायरी तुम्ही एकटीने चढायची गरज नाही. पाळकांना आणि एखाद्या वडीलधाऱ्या जोडप्याला सुरुवातीपासून सांगा.

क्षमा, विश्वास आणि सुरक्षितता या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. मनातला सूड सोडणे ही क्षमा, ती तुम्ही आजही देऊ शकता. विश्वास मात्र फळ पाहून टाकायचा. आणि सुरक्षितता फळाची वाट पाहत थांबत नाही. आधार कार्ड, पासबुक, मुलांचे दाखले आणि थोडे पैसे दुसऱ्या घरी ठेवा, रात्री कुठे जायचे ते आधी ठरवा. तातडीला ११२, महिलांसाठी १८१. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्ध २००५ चा कायदा आहे, त्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते आणि राहत्या घरातला तुमचा हक्कही जात नाही. जीव वाचवण्यासाठी काही दिवस माहेरी गेल्याने लग्नाचे वचन मोडत नाही.

आता त्याच्या पश्चात्तापाविषयी. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला लोकांनी विचारले, आम्ही काय करावे? त्याने कुणालाही रडायला सांगितले नाही. जकातदारांना सांगितले, ठरल्यापेक्षा जास्त घेऊ नका. शिपायांना सांगितले, धमकावून पैसे उकळू नका, पगारात समाधान माना (लूक ३:१०-१४). ज्याचे पाप जिथे, त्याचे फळ तिथेच मागितले. तुमच्या नवऱ्याचे फळ शनिवारी संध्याकाळी दिसायला हवे. पगार थेट तुमच्या खात्यात जमा होतो का, गोव्याकडून बाटल्या आणणाऱ्या दोस्तांची गाडी त्याने सोडली का, मारल्याचे तो स्वतःच्या तोंडाने, दारूवर न ढकलता, मान्य करतो का. त्याची शपथ दरवर्षी मोडते, कारण तिच्यात काय करणार नाही एवढेच असते, आणि शनिवारची संध्याकाळ होती तशीच राहते.

पाळकांनी एक गोष्ट नीट समजून घ्यावी. वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने उपास-प्रार्थना करत दारू एकदम तोडणे जिवावर बेतू शकते. शेवटच्या पेल्यानंतर पहिल्याच दिवसात हात थरथरतात, घाम येतो, झोप उडते. दोन दिवसांच्या आत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात काहींना भ्रम होतो, नसलेले दिसू लागते. मंडळीत याला भुताची बाधा समजून माणसाला कोंडून ठेवतात आणि औषधाची वेळ निघून जाते. दारू डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवावी. जिल्हा रुग्णालयात जा, किंवा धारवाडच्या सरकारी मानसिक आरोग्य संस्थेत, म्हणजे डिम्हान्समध्ये. प्रार्थना तिथेही बरोबर चालू द्या.

आणि निदान सहा महिने कोरडे गेल्याशिवाय त्याला साक्ष द्यायला व्यासपीठावर उभे करू नका. टाळ्या लवकर मिळाल्या की माणसाला काम संपल्यासारखे वाटते.

*अकरा वर्षे कुमसार (फादरजवळ पापकबुली) केले नाही. रीत विसरलो. फादर कन्नड आणि कोंकणी बोलतात, मला मराठीच नीट येते. शिवाय ते घरी येतात-जातात, तोंड कसे दाखवू? (खानापूर)*

आत गेल्यावर पहिले वाक्य हेच म्हणा : “फादर, अकरा वर्षे झाली, रीत विसरलो आहे, मला मदत करा.” पुढचे ते विचारत नेतील.

आदल्या दिवशी अर्धा तास शांत बसा आणि दहा आज्ञा एकेक घेऊन मन तपासा. गंभीर पापांचा प्रकार आणि अंदाजे संख्या सांगायची असते. “वर्षातून चार-पाच वेळा, सुमारे सात वर्षे” एवढे नेमके असले तरी चालते. गोष्ट गंभीर होती, ती गंभीर आहे हे पुरते ठाऊक होते आणि तरीही मनापासून संमती दिली, हे तिन्ही असेल तेव्हा पाप प्राणघातक ठरते. बायकोची, शेजाऱ्याची पापे सांगू नका, आणि का झाले याची लांबण लावू नका. मग फादर प्रायश्चित्त सांगतील, तुम्ही पश्चात्तापाची प्रार्थना म्हणा (पाठ नसेल तर आपल्या शब्दांत), ते पापमुक्ती देतील. प्रायश्चित्त शक्यतो त्याच दिवशी पूर्ण करा.

जाणूनबुजून एक गंभीर पाप लपवले तर सगळेच कुमसार वाया जाते. खरोखर विसरले असेल तर त्याचीही क्षमा झालेली असते, आठवल्यावर पुढच्या वेळी सांगा. पुन्हा पहिल्यापासून करायचे नाही.

भाषेची अडचण आपल्या भागात खरीच आहे, पण तिची सोय चर्चच्या कायद्यात आहे. कलम ९९० प्रमाणे दुभाष्या घेऊन कुमसार करता येते आणि दुभाष्यालाही गुप्ततेचे बंधन असते. कलम ९९१ प्रमाणे कुठल्याही अधिकृत धर्मगुरूकडे जायला तुम्ही मोकळे आहात, आपल्याच पॅरिशमध्ये जावे असे नाही. बेळगावला मराठी जाणणारे फादर मिळतील, बसने जा. गुप्ततेचे म्हणाल तर ती मोडायला फादरना कोणत्याही कारणाने परवानगी नाही, स्वतःचा जीव वाचवण्यासाठीसुद्धा नाही.

प्रॉटेस्टंट वाचक हे वाचून पुढे जातील, त्यांनीही जरा थांबावे. याकोब ५:१६ एकमेकांजवळ पाप कबूल करायला सांगते. लुथरच्या बाजूने १५३० साली मांडलेल्या आउग्सबुर्गच्या कबुलीत (विश्वासाच्या जाहीरनाम्यात) अकराव्या कलमात खाजगी पापमुक्ती चर्चमध्ये टिकवावी असेच लिहिले आहे. आपल्या मंडळ्यांत ती सवय सुटली, आणि तिच्या जागी काहीच आले नाही.

*उद्यमबागेत (कारखान्यांच्या वसाहतीत) कामाला आहे, खोलीवर एकटा राहतो. पाळीवरून आल्यावर मोबाइलवर घाणेरडे व्हिडिओ बघतो. क्षमा मागतो, चार दिवसांनी पुन्हा तेच. देव आता कंटाळला असेल. (बेळगाव)*

भावा, एका दिवसात सात वेळा येऊन पश्चात्ताप होतो म्हणणाऱ्याला क्षमा कर, असे प्रभू माणसाला सांगतो (लूक १७:४). तो स्वतः त्याहून कमी कसा करील?

पण तू चुकीच्या जागी लढतो आहेस. व्हिडिओ सुरू व्हायच्या क्षणी मनाशी झगडतोस, तिथे हार जवळजवळ ठरलेली असते. योसेफाने पोटीफराच्या बायकोशी वाद घालत बसण्याऐवजी अंगरखा तिच्या हातात सोडून पळ काढला (उत्पत्ती ३९:१२). रोम १३:१४ म्हणते, देहवासनांसाठी तरतूद करू नका. तरतूद म्हणजे तुझ्या बाबतीत चार्जर उशाशी असणे.

दोन आठवडे वहीत चार रकाने आख : वेळ, जागा, त्याआधीचा तास कसा गेला, पोटात काय होते. बहुतेकांच्या वहीत तेच तेच दिसते. दुसरी पाळी, उपाशी पोट, सुपरवायझरशी झालेली बाचाबाची, एकटी खोली. मग त्या आधीच्या तासावर काम कर. कँटीनमध्ये जेवूनच खोलीवर ये. मोबाइल शेजारच्या खोलीत किंवा दाराजवळच्या फळीवर लाव आणि गजरासाठी साधे घड्याळ घे. मंडळीतल्या एका वयस्क पुरुषाला खरे सांग आणि त्याने दर रविवारी विचारावे असे ठरव. तुझ्याच वयाचा, त्याच सवयीत अडकलेला मित्र या कामाला नको, दोघे एकमेकांना सूट देतात.

मोकळी झालेली रात्र कशाने तरी भर. मत्तय १२:४३-४५ मध्ये घर झाडून स्वच्छ केलेले होते, पण रिकामे होते, म्हणून गेलेला एक आत्मा सात जणांना घेऊन परत आला.

पडलास तर लगेच, त्याच अंथरुणावर, स्तोत्र ५१ वाच. “आधी चार दिवस चांगला राहतो, मग प्रार्थना करतो” हा विचार मनात येईल. पुढचे पडणे त्या चार दिवसांतच होते.

*पवित्र आत्म्याविरुद्धचे पाप माझ्याकडून झाले असावे. तरुणपणी रागात काहीबाही बोललो होतो. एसावाला रडूनही पश्चात्तापाला जागा मिळाली नाही, मग मला कशी मिळेल? (निपाणी, निवृत्त शिक्षक)*

गुरुजी, मार्क ३:२८-३० एकत्र वाचा. प्रभूने हा इशारा का दिला ते तिसाव्या वचनात आहे. देवाचे काम डोळ्यांदेखत पाहून शास्त्री ते ठरवून सैतानाचे म्हणत होते, आणि त्यांना त्याची जराही भीती नव्हती. ज्याला झोप येत नाही इतकी भीती आहे तो त्या जागी उभा नाही. इब्री १२:१७ मध्ये एसावाने अश्रू ढाळून जे मागितले तो बापाचा आशीर्वाद होता, हे उत्पत्ती २७ वाचल्यावर दिसते. देवाकडे परतायला निघालेल्या माणसाला हाकलून दिल्याची ती गोष्ट नाही.

पाळकांसमोर ते तरुणपणीचे शब्द एकदा, फक्त एकदा, उच्चारा आणि १ योहान १:९ त्यांना मोठ्याने वाचायला सांगा. त्यानंतरही तोच विचार दिवसभर फिरत राहिला, दर तासाला क्षमा मागावीशी वाटली, जेवण-झोप सुटली, तर ते मनाचे दुखणे असू शकते आणि त्यावर औषध आहे. १४४१६ या सरकारी क्रमांकावर फोन करा किंवा घरच्या कुणाला बरोबर घेऊन डॉक्टरांकडे जा.